मोगलीचा लेखक

मोगली तुम्हांला ठाऊक आहेच. लांडग्यांनी वाढवलेला, अस्वलाकडून धडे घेणारा, बघीरा नावाच्या काळ्या बिबळ्याच्या पाठीशी खेळणारा मुलगा. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी त्याची मालिका लागत असे आणि गल्लीतली सगळी मुले टीव्ही असलेल्या घरात जमत. पण हा मोगली ज्यांच्या लेखणीतून उतरला, ते लेखक मुंबईत जन्मले होते हे तुम्हांला माहीत आहे का? आणि जन्माने इंग्रज असूनही लहानपणी त्यांना इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी अधिक सोपी वाटत असे, हे? त्यांचे नाव रुडयार्ड किपलिंग.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. लोक तिला जे. जे. म्हणतात. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग नावाचे तरुण शिल्पकार इंग्लंडहून या शाळेत शिकवायला आले. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी ॲलिस होती. त्याच वर्षी ३० डिसेंबरला जे. जे.च्या आवारातल्या बंगल्यात त्यांना मुलगा झाला. इंग्लंडमधल्या ज्या तलावाच्या काठी या पतिपत्नींची पहिली भेट झाली होती, त्याचे नाव रुडयार्ड. तेच नाव मुलाला मिळाले. तो मूळ बंगला आता नाही. त्याच्या जागी पुढे बांधलेल्या बंगल्यापाशी किपलिंग यांचा अर्धपुतळा आहे. तिथून थोड्याच अंतरावर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. कधी गेलात तर प्रवेशद्वारावर मान वर करून पाहा. दगडात कोरलेली माणसे दिसतील. ते कोरीवकाम लॉकवुड किपलिंग यांच्या कल्पनेतले आहे.

लहानग्या रुडयार्डचा दिवस आईवडिलांपेक्षा नोकरांच्या सोबतीने जाई. त्याची आया रोमन कॅथलिक होती. रस्त्याच्या कडेला क्रूस दिसला की ती थांबून प्रार्थना करी आणि मुलगाही शेजारी उभा राही. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळांत घेऊन जाई. मुलगा लहान असल्यामुळे त्याला कोणी अडवीत नसे. मीताचा हात धरून तो अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या देवांकडे पाहत राही. संध्याकाळी समुद्रकाठी फिरायला गेले की मावळत्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करणारे पारशी दिसत. खाडीत अरबांची गलबते असत. पहाटे आयेबरोबर फळबाजारात जायचे, ही तर त्याची आवडती फेरी. तिथे सोनेरी, जांभळ्या फळांच्या राशी बरोबर त्याच्या खांद्याएवढ्या उंच असत.

दुपारी झोपवताना आया आणि मीता गोष्टी सांगत, गाणी म्हणत. ती सगळी त्या वेळच्या मुंबईत चालणाऱ्या बोलीत. उर्दू बोलणाऱ्या तुम्हांला ती बोली सहज कळली असती. संध्याकाळी मुलाला कपडे घालून आईवडिलांच्या जेवणघरात पाठवत तेव्हा आया त्याला बजावी, की आता आत इंग्रजीतच बोलायचे. मग तो मनातल्या मनात वाक्याचा तर्जुमा करी आणि अडखळत इंग्रजी बोले. स्वप्नेदेखील त्याला आयेच्या भाषेतच पडत. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आहे. म्हणून जेवणघराच्या दाराशी क्षणभर थांबलेला तो पोरगा तुम्हांला ओळखीचा वाटेल.

हे सुख फार दिवस टिकले नाही. हिंदुस्थानात राहणारे इंग्रज त्या काळी आपली मुले पाच-सहा वर्षांची झाली की विलायतेला पाठवून देत. इथल्या हवेत मुले आजारी पडतील ही एक भीती. दुसरी भीती अशी, की ती इथल्यासारखी वागू-बोलू लागतील. १८७१ साली किपलिंग पतिपत्नी रुडयार्डला आणि त्याची धाकटी बहीण ट्रिक्स हिला घेऊन इंग्लंडला गेली. साउथसी नावाच्या समुद्रकाठच्या गावी एक निवृत्त कप्तान आणि त्यांची पत्नी पैसे घेऊन मुले सांभाळत. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून हे घर शोधलेले होते. मुलांना तिथे सोडून आईवडील मुंबईला परतले. आपण मागे राहणार आहोत, हे मुलांना कोणी सांगितलेच नाही. रुडयार्डला सहा वर्षे पूर्ण व्हायची होती आणि ट्रिक्स तीन वर्षांची होती.

त्या घरात ती सहा वर्षे राहिली. कप्तान जिवंत होते तोवर थोडी माया मिळाली. १८७४ साली ते वारले. बाईंना रुडयार्ड मुळीच आवडत नसे. लहानसहान चुकीला मार बसे. नरकाची भीती दाखवली जाई. दिवसभर काय केलेस, हे रात्री उलटसुलट विचारून त्याच्या उत्तरांतली विसंगती शोधत आणि खोटेपणाचा आळ घेत. एकदा तर तो खोटारडा आहे अशी पाटी त्याच्या पाठीवर अडकवून त्याला गावातून शाळेत चालत पाठवले. वाचता येऊ लागले तेव्हा पुस्तके हाच त्याचा आसरा झाला. हे बाईंच्या लक्षात आले, मग शिक्षा म्हणून वाचनच बंद होऊ लागले. तो चोरून, अपुऱ्या उजेडात वाची. डोळे आधीच अधू होते, ते आणखी बिघडले. शाळेतले गुण घसरले, आणि त्याबद्दल पुन्हा मार.

तळघरातल्या एका दमट खोलीत तो एकट्यानेच एक खेळ खेळे. निर्जन बेटावर अडकलेल्या रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीवरून त्याने तो रचला होता. साहित्य काय, तर लाल दोरीला बांधलेली नारळाची करवंटी, पत्र्याची एक पेटी आणि खोक्याची एक फळी. फळी आडवी लावली की बाहेरचे जग बाहेर राही. फळीच्या आतल्या जागेत त्याचे राज्य.

वर्षातून एक महिना मात्र वेगळा असे. डिसेंबरात तो लंडनला मावशीकडे जाई. मावशीचे यजमान एडवर्ड बर्न-जोन्स हे प्रसिद्ध चित्रकार. त्या घरात भावंडे होती, रंगांचा वास होता, रात्री गोष्टी वाचून दाखवणारी मावशी होती. दारावर घंटा वाजवण्यासाठी लोखंडी ओढणी होती. टाचा उंचावून ती ओढली की दार उघडे आणि सुख सुरू होई. मग त्याने मावशीला आपले हाल का सांगितले नाहीत? मावशीनेही पुढे त्याला हे अनेकदा विचारले. त्याचे उत्तर साधे होते. लहान मुलांना जे मिळते ते तसेच असायचे, असे वाटते. शिवाय परत त्याच घरात जायचे असते, तेव्हा तिथल्या गोष्टी बाहेर सांगायचे धैर्य होत नाही.

१८७७ साली आई इंग्लंडला आली. पहिल्या रात्री ती त्याच्या खोलीत पापा घ्यायला वाकली, तर मुलाने मार चुकवण्यासाठी हात वर केला. आईला काय समजायचे ते समजले. तिने दोन्ही मुलांना त्या घरातून बाहेर काढले.

पुढची चार वर्षे तो डेव्हन परगण्यातल्या एका निवासी शाळेत होता. आता त्याला चष्मा लागला होता. शाळेत तेवढा एकच चष्मेवाला, म्हणून मुलांनी त्यावरूनच टोपणनाव पाडले. मुख्याध्यापक जाणते होते. त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाची दारे त्याला उघडून दिली आणि शाळेच्या मासिकाचे संपादन त्याच्याकडे सोपवले. विद्यापीठात पाठवायला घरी पैसे नव्हते. वडील १८७५ पासून लाहोरला होते. तिथल्या मेयो कलाशाळेचे ते प्राचार्य आणि संग्रहालयाचे प्रमुख होते. त्यांनी मुलासाठी लाहोरच्याच एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोकरी पाहिली.

१८८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात रुडयार्डची बोट मुंबईच्या धक्क्याला लागली. तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. अकरा वर्षांनी तो जन्मगावी परत येत होता. रस्त्यांत शिरल्यावर ओळखीचे वास आले, ओळखीचे आवाज कानांवर पडले आणि त्याच्या तोंडून आपोआप देशी वाक्ये बाहेर पडू लागली. गंमत अशी, की त्यांचा अर्थ त्याचा त्यालाच कळत नव्हता! ओठांना भाषा आठवत होती, डोके ती विसरले होते. किपलिंग यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. साउथसीच्या त्या घरात त्याच्याकडून पुष्कळ काही हिरावले गेले. आयेची भाषा मात्र कुठेतरी तळाशी शाबूत राहिली होती.

तिथून आगगाडीने तीन-चार दिवसांचा प्रवास करून तो लाहोरला पोहोचला. येथून पुढे आपण त्यांना किपलिंग म्हणू, कारण आता ते नोकरदार झाले. वर्तमानपत्राच्या संपादक वर्गात दोनच माणसे, एक संपादक आणि दुसरे किपलिंग. रोज दहा ते पंधरा तास काम असे. उन्हाळ्यात रात्री झोप येत नसे, तेव्हा ते जुन्या लाहोरच्या तटबंदीआड पहाटेपर्यंत भटकत. दारूची दुकाने, नाचगाण्याचे माडे, गच्चीवर झोपलेली माणसे, मशिदींची अंगणे, सारे त्यांनी पाहिले आणि कानांत साठवले. पुढे अलाहाबादच्या वर्तमानपत्रात त्यांनी काम केले. त्यांच्या कथांची पुस्तके निघाली. १८८९ साली ते हिंदुस्थान सोडून लंडनला गेले आणि थोड्याच काळात इंग्रजीतले नामवंत लेखक झाले.

१८९१ च्या अखेरीस ते आईवडिलांना भेटायला एकदा लाहोरला आले. परतताना मुंबईत आया भेटली. ती फार म्हातारी झाली होती, पण किपलिंग यांना तिच्यात काही बदल दिसला नाही. तिने आशीर्वाद दिले आणि ती रडली. त्यानंतर किपलिंग हिंदुस्थानात कधीच आले नाहीत.

आणि आता पाहा, मोगलीचे जंगल कुठे जन्मले ते. १८९२ साली किपलिंग यांचे लग्न एका अमेरिकन मुलीशी झाले आणि ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहू लागले. पुढे तिथे त्यांनी बांधलेल्या घराचे नाव काय असेल? नौलखा! लाहोरच्या किल्ल्यात याच नावाचा संगमरवरी मंडप आहे. त्याआधी ते एका लहानशा भाड्याच्या घरात राहत. हिवाळ्यात बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत साचे. अशा थंडीत बसून त्यांनी उन्हाने तापलेल्या सिवनीच्या रानाची गोष्ट लिहायला घेतली. सिवनी मध्य प्रदेशात, आपल्या नागपूरच्या उत्तरेला आहे. तिथे ते कधी गेलेही नव्हते. तिथल्या रानाची माहिती त्यांनी इतरांच्या पुस्तकांतून मिळवली आणि वडिलांनीही त्यांना साह्य केले. प्राण्यांना नावे मात्र आयेच्या बोलीतली दिली. शेरखान, हाथी, बघीरा, अकेला. यांचे अर्थ तुम्हांला सांगायला नकोत, इंग्रज मुलांना ते शोधावे लागतात. मोगली हे नाव त्यांनी स्वतः बनवले. पुस्तकात त्याचा अर्थ बेडूक असा दिला आहे, पण तो शब्द कोणत्याच भाषेतला नाही. ‘द जंगल बुक’ १८९४ साली निघाले आणि दुसरा भाग १८९५ साली.

सिनेमात मोगलीची गोष्ट गाण्यांनी भरलेली आणि हसरी असते. मूळ पुस्तक तसे नाही. वाघाच्या तावडीतून सुटलेले माणसाचे पोर लांडग्यांच्या गुहेत येते. त्याला कळपात घ्यायचे की नाही, यावर सभा भरते. बालू त्याच्या बाजूने बोलतो आणि बघीरा एका बैलाची शिकार किंमत म्हणून देतो. मग बालू त्याला रानाचा कायदा शिकवतो. प्रत्येक जातीच्या जनावराला त्याच्याच भाषेत कसे पुकारायचे, हेही शिकवतो. पक्ष्यांची भाषा वेगळी, सापांची वेगळी. माकडांनी पळवून नेल्यावर मोगलीचा जीव वाचतो तो या भाषांमुळेच. वरून उडणाऱ्या घारीला तो तिच्या भाषेत हाक मारतो, म्हणून तर त्याचा पत्ता मित्रांना लागतो.

तरीही एक दिवस तरुण लांडगे शेरखानच्या नादी लागून त्याला कळपाबाहेर काढतात. का, तर तो माणूस आहे. मोगलीच्या डोळ्यांत पाणी येते. रडणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते, आपण मरतो आहोत असेच त्याला वाटते. तो गावात जातो. मेसुआ नावाच्या बाईचा मुलगा पूर्वी वाघाने नेलेला असतो, ती मोगलीला पोटाशी धरते. तो माणसांची भाषा शिकतो, अंगावर कपडे घालतो, म्हशी राखतो. त्याच म्हशींच्या खुरांखाली तो शेरखानला तुडवून मारतो. तेव्हा गावकरी घाबरून त्याला चेटक्या ठरवतात आणि दगड मारून हाकलून देतात. का, तर तो लांडगा आहे. वाघाचे कातडे सभेच्या खडकावर पसरून मोगली आपल्या चार लांडगे भावांबरोबर वेगळाच राहू लागतो.

दोन्ही घरांतून निघालेला मुलगा. हे लिहिताना किपलिंग यांच्या डोळ्यांपुढे कोण होते, हे तुम्ही ओळखले असेल. मोगली सतरा वर्षांचा होतो तेव्हा वसंत ऋतूत त्याला काहीतरी होऊ लागते. पोट भरलेले, अंग धडधाकट, तरी मन लागत नाही. अखेर तो माणसांकडे परततो. निरोप देताना बालू आंधळा झालेला असतो. कळप आता त्याला जा असे म्हणत नाही, पण थांबवतही नाही.

१९०१ साली आलेल्या ‘किम’ या कादंबरीत हाच प्रश्न लाहोरच्या रस्त्यावर येतो. किम हा आयरिश सैनिकाचा पोरका मुलगा. संग्रहालयासमोरच्या जमजमा तोफेवर तो बसलेला असतो. तिथले लोक संग्रहालयाला अजायबघर म्हणतात. ऊन खाऊन किमचा रंग रापलेला, बोली बाजारातली, दोस्त सगळ्या धर्मांचे. एक तिबेटी लामा त्याला गुरू म्हणून भेटतो, महबूब अली नावाचा पठाण घोड्यांचा सौदागर त्याला पोरासारखा वागवतो आणि इंग्रज सरकार त्याला हेर बनवू पाहते. आपण नक्की कोण, असे किम स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो. किपलिंग यांनी त्याचे उत्तर दिलेले नाही. पुस्तक मिटल्यावरही तो कोणाबरोबर जाईल, याचा वाद वाचक करतात. तुम्हीही मोठेपणी वाचून करा.

मित्रांनो, एक गोष्ट लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. ज्या लेखकाने किमला इतके मोठे मन दिले, ते स्वतः मात्र इंग्रजी साम्राज्याचे कट्टर पाठीराखे होते. गोऱ्या लोकांनी इतरांवर राज्य करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, अशा अर्थाची कविता त्यांनी १८९९ साली लिहिली. हिंदी लोकांनी आपला कारभार आपण करावा, हे त्यांना कधीच पटले नाही. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या जनरल डायरसाठी पुढच्या वर्षी इंग्लंडात निधी जमवला गेला, त्यात त्यांनीही पैसे घातले. आयेच्या मांडीवर वाढलेल्या माणसाने असे का करावे? मला वाटते, लहानपणी दोन्हीकडून तुटलेल्या माणसाला एखाद्या मोठ्या, बलाढ्य कळपाचे होऊन राहावेसे वाटते. हे कारण झाले, सबब नव्हे. पुस्तकांतली त्यांची मुले त्यांच्यापेक्षा शहाणी निघाली, एवढे खरे.

१९०७ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेतल्या लेखकाला मिळालेले ते पहिलेच. तेव्हा ते फक्त एकेचाळीस वर्षांचे होते. पण घरातली सुखे टिकली नाहीत. मोठी मुलगी जोसेफिन न्यूमोनियाने १८९९ साली गेली, अवघ्या सहा वर्षांची. त्याच दुखण्याने किपलिंगही अंथरुणाला खिळले होते, म्हणून ते थोडे सावरेपर्यंत त्यांना ती बातमी सांगितली नव्हती. ‘द जंगल बुक’च्या पहिल्या आवृत्तीची एक छापील प्रत त्यांनी तिला दिली होती आणि तिच्यावर तिच्यासाठी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला होता. इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहात ती २०१० साली सापडली. मुलगा जॉन याचे डोळे वडिलांसारखेच अधू, त्यामुळे सैन्यात घेईनात. वडिलांनी ओळख वापरून त्याला भरती करवले. १९१५ साली फ्रान्समधल्या लढाईत तो मारला गेला. वय अठरा.

१९०२ पासून किपलिंग ससेक्स परगण्यातल्या बेटमन्स नावाच्या जुन्या दगडी घरात राहत होते. लंडनचे मावशीचे घर मोडले तेव्हा त्यांनी दारावरची ती लोखंडी ओढणी मागून आणली होती. ती त्यांनी आपल्या दाराला लावली. ती ओढून आत येणाऱ्या लहान मुलांना आपल्यासारखाच आनंद व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

१९३५ सालच्या ऑगस्टमध्ये, सत्तरीला आलेले किपलिंग आत्मचरित्र लिहायला बसले. ते पुरे झाले नाही. १८ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. नोबेल, राजेरजवाड्यांच्या ओळखी, देशोदेशीचे प्रवास, एवढे सांगण्यासारखे होते. पण सुरुवात त्यांनी पहाटेच्या एका फेरीने केली. मुंबईचा फळबाजार, बरोबर आया, आणि त्यांच्या खांद्याएवढ्या उंच फळांच्या राशी.